डेलियाचे नववे फूल

ओतिलिया ग्झेलाक पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना कारखान्यातून निवृत्त होऊन चार महिने झाले होते. तोरून शहराच्या पोडगूझ भागातल्या कलाभवनाचे कार्यालय मी सांभाळतो. खोल्यांच्या किल्ल्या, वर्गांची वेळापत्रके, प्रदर्शनांच्या याद्या, फुटलेल्या काचा, सगळे माझ्याकडे. म्हणून सगळे मला मॅनेजरसाहेब म्हणतात. कागदावर तसे पद नाही.

त्या दिवशी गुरुवार होता. हातात कापडी पिशवी घेऊन त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मॅनेजरसाहेब, तैलरंगांच्या वर्गाला यायचं तर आधी काही यावं लागतं का?"

"काही नाही. तुम्हाला काय येतं?"

"फुलं येतात," त्या म्हणाल्या. "दुसरं काही येत नाही."

ते अक्षरशः खरे होते. एकतीस वर्षे त्यांनी बशांच्या कारखान्यात फुले रंगवली होती. डाव्या हाताने चाक फिरवायचे, उजव्या हाताने ब्रश टेकवायचा. एका टेकीत एक पाकळी. पहिल्या भट्टीतून निघालेली बशी टीपकागदासारखा रंग पिते, त्यामुळे तिथे दुरुस्ती नसते. हात चुकला की बशी फोडायच्या पेटीत जाते. फुले कुठे काढायची आणि किती काढायची हे वरच्या मजल्यावर कोणीतरी ठरवून नमुन्याच्या कागदावर उतरवलेले असे. कधी पाच, कधी सात. ओतिलियाबाईंना कधी मोजावे लागले नाही.

वर्ग घेणारा मिरोन पाकुवा हा चाळिशीचा, दाढीवाला, अतिशय सभ्य माणूस. त्याने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितले, "बाई, तेलात चूक झाली तर घाबरायचं नाही. वाळू द्यायचं आणि वरून रंगवायचं."

"वरून?"

"वरून."

"आणि खालचं?"

"खालचं खालीच राहतं. कोणाला दिसत नाही."

त्यांनी हे त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतले. मग ज्या दुरुस्ती करायला लागल्या त्या थांबेचनात. एकतीस वर्षांची उधारी फेडून घ्यावी तसे त्या एकेक पाकळी चार-चार वेळा बदलत. त्यांची चित्रे उचलायला जड झाली. मिरोन म्हणायचा, "ओतिलियाबाईंचं चित्र लावायचं तर खिळा नको, खुंटी पाहिजे." पण फुले जिवंत असत. ट्यूलिप, पिवोनिया, शरद ऋतूतली शेवंती, काहीही. नाक कॅनव्हासला लागेल इतक्या जवळ बसून त्या काम करत, बशीवर वाकायची सवय मोडली नव्हती. मागे सरकून बघा, असे मिरोन दर गुरुवारी सांगे. त्या मान डोलवत आणि तिथेच बसून राहत.

त्यांचे यजमान ट्राम चालवत. ते वारले त्याला आता अकरा वर्षे झाली. मूल नाही. धाकटी बहीण साबिना त्याच इमारतीत, पुढच्या जिन्याला राहते. तीही एकटी. दुपारी एक वाजता दोघी सूप एकत्र पितात आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर भांडतात. मी दोन-तीनदा त्या टेबलावर जेवलो आहे. खिडकी दर वेळी अर्धी उघडी होती, आणि दोघीही नाराज होत्या.

साबिनाबाईंच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. दोन जिने चढल्या की ओठ निळे पडत. शेजारच्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. पहिली तारीख मिळाली ती तेरा जून, त्यातून शुक्रवार, म्हणजे दुहेरी अपशकुन. त्यांनी फोन उचलला आणि स्वच्छ शब्दांत नकार दिला. दुसरी तारीख जुलैमधली. त्या दिवशी बॅग घेऊन खाली उतरल्या, चष्मा विसरला म्हणून परत वर गेल्या. आमच्याकडे असे मागे फिरावे लागले तर अपशकुन टळावा म्हणून घरात क्षणभर बसतात, दहापर्यंत आकडे म्हणतात आणि मग निघतात. त्या बसल्या, दहा म्हणून झाले, आणि उठल्याच नाहीत. रस्त्यात गाडी वाट बघत राहिली.

डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी ओतिलियाबाईंना बाजूला बोलावून सांगितले की झडप अशी आहे की पुढचा हिवाळा निघेल याची खात्री मी देत नाही. तिसरी तारीख दोन सप्टेंबर, मंगळवार. ती चुकवू नका.

साबिनाबाईंचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस, जो आमच्याकडे वाढदिवसासारखा साजरा होतो, एकोणतीस ऑगस्टला येतो, म्हणजे शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी. ओतिलियाबाईंनी ठरवले की या वेळी बहिणीला चित्र द्यायचे. डेलिया साबिनाबाईंच्या आवडीचे. दोघींचा मिळून शहराबाहेर बागेचा एक तुकडा आहे. तिथून सात ऑगस्टला त्या वर्तमानपत्रात गुंडाळून नऊ फुले घेऊन आल्या. गर्द लाल, बशीएवढी. माझ्यासमोर टेबलावर मांडून त्यांनी ती मोजली. नऊ. अर्थातच नऊ. जिवंत माणसाला आपण विषम फुले देतो. जोडीच्या आकड्यातली कबरीवर जातात. हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

दोन गुरुवार आणि मधले बरेच दिवस त्या खपल्या. चित्र सुंदर झाले. काळपट हिरवी पार्श्वभूमी, निळी फुलदाणी, आणि त्यातून बाहेर झेपावणारा लाल रंग. माझ्या ओळखीच्या सुताराकडून मी साधी ओकची चौकट करून घेतली आणि नामदिनाच्या दुपारी मीच ते साबिनाबाईंच्या दिवाणखान्यात, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावले. खिळ्यावरच लावले, आणि तो टिकला.

संध्याकाळी आम्ही सहा-सात माणसे जमलो. आलुबुखाऱ्याचा केक, हेरिंगचे सॅलड, चेरीची घरगुती दारू. साबिनाबाई निळा पोशाख घालून मध्यभागी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर खालच्या मजल्यावरचे हिपोलितराव, निवृत्त पोस्टमन.

"साबिनाबाई, आता नवीन झडप बसल्यावर तुम्ही आमच्या आधी जिना चढणार."

"मी आत्ताही तुमच्या आधीच चढते. तुम्ही प्रत्येक दारावरची नावं वाचत चढता."

"सवय आहे हो. चाळीस वर्षं हेच केलं."

सगळे हसले. ओतिलियाबाई टेबलाच्या त्या टोकाला होत्या, भिंतीपासून चांगल्या चार मीटरवर. हसता हसता त्यांनी चित्राकडे पाहिले आणि त्यांचा कप बशीच्या वर अधांतरी थांबला. मला वाटले, केकचा घास घशात अडकला. त्या उठल्या आणि माझ्या खांद्याला बोट लावून बाल्कनीत गेल्या. मी मागोमाग गेलो.

"मॅनेजरसाहेब, मोजा."

"काय मोजू?"

"फुलं. काचेतून दिसतायत. मोजा."

मी मोजली. डावीकडून मोजली, मग उजवीकडून. कॉमर्सच्या माणसाला दोन्ही बाजूंनी बेरीज करायची सवय असते. आठ.

"आठ," मी म्हणालो.

"अरे देवा." त्यांनी कठडा धरला. "नववं मी झाकलं. मिरोन म्हणाला उजवा कोपरा जड झालाय. मला पटलं. चौदा तारखेला वरून हिरवा रंग दिला. फुलदाणीत मोजली होती हो मी. कॅनव्हासवर नाही मोजली."

आत हिपोलितराव मोठ्याने म्हणत होते, "रंग बघा, रंग! एकेक फूल तोफेच्या गोळ्याएवढं. किती आहेत बरं ही?"

ओतिलियाबाई ज्या वेगाने आत गेल्या तो वेग त्या वयाच्या बाईला शोभणारा नव्हता. त्यांनी ग्लास उचलला आणि शुभेच्छांचे गाणे सुरू केले. ते गाणे सुरू झाले की आमच्याकडे बसून राहता येत नाही. सगळे उठले. हिपोलितरावही उठले, त्यांचा मोजायला उचललेला काटा तसाच हातात. गाणे संपले तेव्हा त्यांनी मोजणी सोडून सॅलड घेतले होते. अर्ध्या तासापूर्वीच आम्ही ते गाणे एकदा म्हटले होते. पण पुन्हा म्हटल्याबद्दल कोणी काही बोलले नाही, आजारी बाईच्या घरात दोनदा शुभेच्छा चालतात.

निघताना ओतिलियाबाईंनी सहज सुचल्यासारखे सांगितले, "साबिंका, चित्राला वार्निश द्यायचं राहिलंय. दोन दिवस घेऊन जाते."

"मुळीच नाही. मंगळवारनंतर ने."

"धूळ बसेल ना."

"माझ्या घरात धूळ? तुझ्या घरात बसते. सकाळी डोळे उघडले की दार उघडं असलं तर पलंगावरून दिसतं ते. राहू दे."

जिन्यात त्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "ती मोजणार. आज ना उद्या मोजणार. आणि मोजलं की संपलं. ती तेरा तारखेला गेली नाही, चष्म्यासाठी गेली नाही. सख्ख्या बहिणीने कबरीची फुलं भिंतीवर टांगली म्हटल्यावर जाईल?"

"त्यांना सरळ सांगून टाका."

"सांगितलं की तिला कळलंच की! तुम्ही कधी तिच्याशी वाद घातलाय का?"

मी घातला नव्हता. शनिवारी मी मिरोनला फोन केला. तो मुळापासून हादरला. "मी फक्त समतोलाबद्दल बोललो होतो," असे तो चार वेळा म्हणाला. शेवटी त्यानेच उपाय सुचवला. डावीकडे, पानांच्या वर, एक अर्धी उमललेली कळी बसेल. पाच मिनिटांचे काम. रंग ओला राहील, पण भिंतीवरच्या चित्राला कोण हात लावतो?

रविवारी दुपारी आम्ही दोघे गेलो. ओतिलियाबाईंच्या पर्समध्ये लाल रंगाची ट्यूब, एक बारीक ब्रश आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत टर्पेंटाइन. साबिनाबाईंना स्वयंपाकघरात गुंतवून ठेवणे हे माझे काम. मी म्हणालो, मला आलुबुखाऱ्याच्या केकची कृती हवी आहे.

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "तुम्हाला?"

"हो. बायकोसाठी."

"तुमच्या बायकोचा केक माझ्यापेक्षा चांगला होतो. सगळ्या पोडगूझला माहीत आहे."

"वेगळा करून बघायचाय."

"बसा. लिहून घ्या. पीठ किती घेता तुम्ही?"

मला काय ठाऊक. मी म्हणालो, "पुरेसं."

"पुरेसं! एवढी वर्षं कार्यालयात पुरेशा किल्ल्या ठेवता का?" त्यांनी डबा काढला, झाकण उघडले, आणि मग मान वर करून हवेचा वास घेतला. एकदा, दोनदा. शस्त्रक्रिया झडपेची होती. नाकाला काही झालेले नव्हते.

"टर्पेंटाइन," त्या म्हणाल्या, आणि डबा तसाच ठेवून चालू लागल्या.

मी मागे. दिवाणखान्यात ओतिलियाबाई खुर्चीवर उभ्या होत्या, पायात नुसते मोजे, हातात ब्रश. ब्रशाला लाल रंग लागलेला होता, चित्राला नाही. नंतर त्यांनी मला सांगितले की पाच मिनिटे उभ्या होत्या, पण हात पुढे गेला नाही. ती कळी खोटी वाटत होती. बहिणीला फसवायला काढलेले फूल मरायला टेकल्यासारखेच दिसणार.

"उतर," साबिनाबाई म्हणाल्या. "पडलीस तर मंगळवारी दोघींना एकच खाट मागावी लागेल."

"साबिंका, ऐक..."

"आधी उतर. खुर्चीची वेताची जाळी आहे ती."

ओतिलियाबाई उतरल्या. ब्रश कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरून उभ्या राहिल्या. "ती आठ आहेत," त्या म्हणाल्या. एवढे बोलून त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिले.

"माहीत आहे."

"काय?"

"शनिवारी सकाळीच मोजली. तू गाणं ओरडत सुटलीस तेव्हाच मला शंका आली. आपल्या घरात तू कधी स्वतःहून गायली आहेस का गं?" त्या सोफ्याच्या कडेला बसल्या, दम लागला होता. "मोजली, आठ. बॅग उघडून सगळं परत कपाटात ठेवलं. गाऊन, चपला, टॉवेल. म्हटलं, घरच्यांनीच निरोप दिलाय."

ओतिलियाबाईंनी ब्रश धरलेल्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले.

"मग बसून राहिले. सात-साडेसातला या बाजूच्या खिडकीतून ऊन येतं, असं आडवं, भिंतीला घासून. ते चित्रावर पडलं. इकडे ये. मॅनेजरसाहेब, तुम्हीही या. तो टेबलावरचा दिवा उचला. खाली नको, कडेला धरा. अजून कडेला."

मी दिवा चित्राच्या उजव्या कडेला, भिंतीला टेकवून धरला. काळपट हिरव्या रंगात, जिथे समोरून पाहिले तर काहीच नव्हते, तिथे एक गोल उठून आला. त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. पाकळ्यांच्या कडा. ओतिलियाबाईंनी जाड रंगाने काढलेले फूल हिरव्याखाली जसेच्या तसे होते, फक्त रंग बदललेला. मी बोट पुढे नेले, मग इतका जाड रंग आतून अजून ओला असेल म्हणून मागे घेतले.

"मी लावलंय बोट," साबिनाबाई म्हणाल्या. "पूर्ण फूल आहे. मोजा आता."

मी डावीकडून मोजले.

"नऊ," मी म्हणालो.

"उजवीकडून?"

"उजवीकडूनही नऊ."

"झालं तर मग." त्या बहिणीकडे वळल्या. "तू ते झाकलंस, तिल्का. काढून टाकलं नाहीस. झाकलेलं धरायचं की नाही यावर मी सकाळभर विचार केला. फुलवाली कागदाच्या घडीत लपलेलं फूल मोजते की नाही? मोजते. बारा वाजता बॅग परत भरली."

"मग बोलली का नाहीस?" ओतिलियाबाईंचा आवाज आता चढला. "दोन दिवस! दोन दिवस मला झोप नाही, अन्न नाही! काल सूप पिताना विचारलंसुद्धा मी, काय चाललंय म्हणून!"

"तू कधी सांगतेस ते बघत होते. आणि खरं सांगू? शनिवारी मी इतकी घाबरले होते की ते तुला कळू द्यायचं नव्हतं."

"ब्रश," मी म्हणालो, कारण लाल रंग चटईवर ठिबकायला आला होता.

ओतिलियाबाईंनी ब्रश पुसला. टर्पेंटाइनची बाटली बंद केली. मग तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "खिडकी उघडते. वास भरलाय."

"अर्धी," साबिनाबाई म्हणाल्या.

मंगळवारी पहाटे मी गाडी काढली. साबिनाबाई काहीच विसरल्या नाहीत, कारण बॅग त्यांनी दोनदा भरली होती. रुग्णालयाच्या दारात त्या थांबल्या, बहिणीच्या कोटाचे वरचे बटण लावले आणि आत गेल्या.

आम्ही वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसलो. साडेआठ ते अडीच. ओतिलियाबाईंनी मासिक उघडले, त्याचे पान सहा तासांत उलटले नाही. बाराच्या सुमाराला त्यांनी मला विचारले, "झाकलेलं धरतात ना हो खरंच?" मी म्हणालो, धरतात. मला स्वतःला याचे उत्तर माहीत नाही. माझा समज असा की साबिनाबाईंना जाण्याचे धाडस हवे होते आणि त्या दिवशी सकाळी ते कुठून तरी मिळायचेच होते. पण हे त्या बाकावर बोलायचे नव्हते.

अडीच वाजता एक तरुण डॉक्टर बाई आल्या, डोक्यावरची टोपी काढत. "ओतिलिया ग्झेलाक कोण?"

ओतिलियाबाई उभ्या राहिल्या.

"झडप बसली. छान चालतेय. संध्याकाळी जागं करू. आज भेटता येणार नाही, उद्या या."

"चालतेय?"

"मी स्वतः ऐकली. चालतेय."

ओतिलियाबाईंनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. शेवटी डॉक्टरच म्हणाल्या, "आजी, मला अजून एक पेशंट आहे." तेव्हा सोडला. तळमजल्यावरच्या उपाहारगृहात त्यांनी बीटचे सूप, कोबीचा कटलेट, बटाटे, आणि मी खात नसलेले माझे बटाटेही खाल्ले. शुक्रवार रात्रीपासूनचे ते पहिले पोटभर जेवण होते. जेवताना त्या एकदाच बोलल्या: "मीठ कमी आहे. साबिंका कटकट करणार."

गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत त्या झोपल्या. तोंड उघडे, हात पर्सवर. रस्त्यात पुढे बटाट्यांनी भरलेला ट्रॅक्टर लागला. मागे टाकायला जागा होती, पण गाडी झटक्यात वळवली तर त्या जाग्या झाल्या असत्या. म्हणून मी तीस किलोमीटर त्याच्या मागेच चालवली. मागचे दोघे-तिघे भोंगे वाजवून गेले. शहराजवळ, विस्तुलाच्या पुलावर चढताना त्यांना जाग आली.

"पोचलो का?"

"पूल आलाय."

त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली. पाण्यावर ऊन होते. "सावकाश चालवा, मॅनेजरसाहेब," त्या म्हणाल्या. "आता कसली घाई आहे."